व्हाळावरचा धोबी

मनालीला बघितलेला शिशाच्या रंगाचा, विटकरी शेपटीचा पक्षी गोव्यात दिसतो का, असं इथे एकांनी विचारलंय, त्यांना सांगतो, तो हिमालयातलाच, थंडीत खाली उतरतो पण आपल्याकडे नाही येत. त्याची ती शेपूट पंख्यासारखी उघडमीट करायची सवय मात्र काय भारी, मीही तिथे खळाळत्या पाण्यातल्या एका दगडावर अर्धा तास बघत बसलो होतो, बायको वैतागली.

पण आपल्या व्हाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, करडा धोबी पक्षी (ग्रे वॅगटेल) येतो ना! तोही उन्हाळ्यात तिकडे डोंगरातल्या वाहत्या पाण्याकाठीच घरटं करतो आणि गणेश चवथीच्या आसपास इकडे हजर. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) खाली व्हाळ आहे तिथे दरवर्षी एक असतो, दगडावर उतरला की शेपूट खालीवर, खालीवर, थांबतच नाही, मधेच उडी मारून हवेतला किडा पकडतो आणि परत त्याच दगडावर. उडताना चिझीट चिझीट करतो, पाण्याच्या आवाजातसुद्धा ऐकू येतं.

शेतात दिसतो तो पिवळा धोबी वेगळा हां, फोटो टाकताना लोक हमखास घोळ घालतात. करड्याची पाठ राखाडी, शेपूट जास्त लांब आणि पाय फिकट गुलाबीसर, पिवळ्याचे पाय काळे. करडा एप्रिलपर्यंत असतो, मग गायब.