मुंबईहून एका दिवसात अलिबाग, रेवदंडा, कोर्लई: कुलाबा किल्ला दिवसात कुठे बसवायचा?

पाणबुडी_१४
चार जण आहोत, त्यांत एक सत्तरीच्या आई. गाडी नाही. गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, मग नागाव, चौल, रेवदंडा आणि जमल्यास कोर्लई, रात्री घरी परत, असा बेत आहे. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालतच जायचं आहे, होडीने नाही. येत्या महिन्यातला रविवार धरला आहे. किल्ला आधी करायचा की परतताना? एवढं सगळं एका दिवसात होतं का?

सुकती
बोटीचं वेळापत्रक नंतर बघा, आधी पंचांग उघडा.

त्या दिवशीची तिथी घ्या, तिला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून एक ते पंधरा. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचार आणि दुपारी साधारण सव्वाचारला भरती. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, म्हणून पंचमीला सकाळी दहाच्या सुमारास पाणी सर्वांत खाली असतं. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. तिथी सूर्योदयाची धरू नका, ज्या वेळी किल्ल्यात जाणार त्या वेळी चालू असलेली धरा. दुपारी तिथी बदलत असेल तर हिशेब पाऊण तासाने चुकतो.

चालत जाण्यासाठी ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावरून निघावं आणि ओहोटी उलटल्यावर तासाच्या आत परत यावं. जायला वीसेक मिनिटं, यायला तेवढीच, आत तासभर पुरतो. आत जास्त रेंगाळलात तर परतताना मधल्या खोलगट पट्ट्यात पाणी आधी भरतं. पुढे वाळू कोरडी दिसते आणि मध्ये कमरेएवढं पाणी लागतं. लोक अडकतात ते इथेच.

वडखळनाका
वरचं गणित बरोबर, पण अर्धंच. ओहोटी कधी हे कळलं, किती हे नाही कळलं.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार सर्वांत कमी. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात उधाणाची सरासरी ओहोटी पाऊण मीटरच्या आसपास येते, भांगाची जवळजवळ १.८५ मीटर. हा मीटरभराचा फरक म्हणजे घोटाभर पाण्यातून जाणं किंवा अजिबात न जाणं. उधाणाचा जोरही नेमका त्या तिथीला नसतो, एक-दोन दिवस मागाहून येतो. भांगाचंही तसंच, खरं भांग नवमी-दशमीला.

म्हणून द्वादशी फसवी. गणिताने ओहोटी दुपारी सव्वातीनला, सोयीची वाटते, पण भांग नुकतंच संपलेलं असतं आणि पाणी हवं तेवढं ओसरत नाही. चतुर्थी-पंचमीला उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो आणि ओहोटी सकाळी नऊ-दहाला. मुंबईहून जाणाऱ्याला याहून चांगला दिवस नाही. अमावस्या-पौर्णिमेला पाणी खूप हटतं खरं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. तेव्हा तुम्ही एक तर घरी असणार नाही तर परतीच्या बोटीत.

तक्त्यात आकडा बघाच. एक मीटरच्या खाली असेल तर बिनघोर जा. दीडच्या वर असेल तर चालत जायचा नाद सोडा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, त्यामुळे रात्रीचा आकडा वाचून खूश होऊ नका.

मिनीडोर
आता प्रवास. गेटवे ते मांडवा तासभर. तिकिटात अलिबागची बस धरलेली असते, तिला पाऊण तास. रांग आणि चढउतार मिळून गेटवे ते अलिबाग सव्वादोन तास धरा. सातची बोट मिळाली तर सव्वानऊला अलिबाग, स्टँडवरून किनारा पायी पंधरा मिनिटं. म्हणजे पंचमीची ओहोटी बरोबर हाती लागते. परतीचं तिकीट ज्या कंपनीचं, त्याच कंपनीची बोट. धक्क्यावर दुसऱ्या बोटीत चढू देत नाहीत. अलिबागहून सुटणारी बस आणि बोट यांची जोडी असते, ती बस चुकली की मांडव्यापर्यंत रिक्षाचा वेगळा खर्च. जून ते ऑगस्ट गेटवेच्या बोटी बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून गाड्याही नेणारी रो-रो बोट, तीही हवामान बरं असेल तर.

अलिबाग ते रेवदंडा १७-१८ किमी. एसटी आहे, मिनीडोर म्हणजे सहा आसनी रिक्षाही आहेत, पण चार जणांनी स्टँडवरून रिक्षा अर्ध्या दिवसासाठी ठरवावी. थांबण्याची ठिकाणं आणि तास आधीच बोलून घ्या, नंतर वाद नको. रविवारी नागावचा अरुंद रस्ता तुंबतो, म्हणून आधी थेट शेवटच्या ठिकाणी जायचं आणि परतताना एकेक ठिकाण घेत यायचं.

जेवण नागावला. घरगुती खानावळीत ताटं मोजून लावतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत फोन करून चार ताटं आणि मासा कोणता ते सांगून ठेवा. न सांगता दोनला पोचलात तर उरलेलं मिळेल.

सुकती
आईंबद्दल राहिलं. वाळूत जागोजाग खडक आहेत आणि त्यांवर कालवं चिकटलेली. कवचाची कड ब्लेडसारखी असते, अनवाणी पाय पडला की तळवा उभा चिरतो. स्लिपर चिखलात रुतून निघून येते. मागे पट्टा असलेली सँडल घालावी. त्यांना चालवणार नसेल तर घोडागाडी घ्या, तीही ओहोटीलाच जाते. आत गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची विहीर, दोन्ही सपाटीवर. तटाचे दगड जवळून बघा: चुना न घालता नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून आत-बाहेर होतं, त्यामुळे धक्का भिंतीला सोसतो.

चौलला रामेश्वर करा, रस्त्यालगत आहे. दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या त्यांच्यासाठी टाळा. रेवदंड्याला सातखणी बुरुजाचे आता चारच मजले उभे आहेत, तो खालूनच बघायचा.

पाणबुडी_१४
पंचांग पाहिलं. आमच्या रविवारी सकाळी नवमी आहे. पुढच्या रविवारी ढकलू का?

वडखळनाका
पुढच्या रविवारी प्रतिपदा पडेल, ओहोटी सकाळी सातला. त्यापुढच्या रविवारी पुन्हा अष्टमीच्या आसपास. पंधरवड्यामागे रविवारची तिथी जेमतेम एकाने मागे सरकते, त्यामुळे रविवारी पंचमी यायला दोन-अडीच महिने लागतील. तुमच्या नवमीच्या रविवारच्या आधीचा बुधवार बघा, पंचमी असेल. रजा टाकता येत असेल तर तोच, गर्दीही नाही.

मिनीडोर
बुधवार जमला तर सातची बोट, अकरापर्यंत किल्ला उरकून किनाऱ्यावर, मग रिक्षाने थेट रेवदंडा, परतताना चौल, अडीचला नागावला जेवण, साडेचारला अलिबाग स्टँड. कोर्लई यात बसत नाही, हे आधीच मान्य करा.

रविवारच हवा असेल तर उलट करा: कुलाबा किनाऱ्यावरूनच बघा आणि साळावच्या पुलावरून कोर्लईला जा. तो किल्ला डोंगरावर आहे, त्याला भरती-ओहोटीचं काही देणंघेणं नाही. दीपगृहाच्या बाजूने वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे, आई खाली थांबतील. दुपारी बाराच्या उन्हात मात्र चढू नका, वर सावली नाही.

पाणबुडी_१४
बुधवार ठरला. तक्त्यात सकाळची ओहोटी १० वाजून ५ मिनिटांनी, १.१ मीटर.

सुकती
एकच्या किंचित वर आहे, मधल्या पट्ट्यात घोट्याच्या वर पाणी लागेल. आईंना घोडागाडी करा, बाकीचे पँट दुमडून चला. साडेनऊला किनाऱ्यावर पोचलात की तिथे थांबू नका. सातची बोट चुकली तर किल्ला सोडून थेट रेवदंडा गाठा.