मदत हवी आहे: लिफ्ट-पंपाच्या विजेवरचा इंधन आकार भाडेकरूंनी भरायचा का?

आमची इमारत सार्वजनिक मालकीची आहे, सगळे भाडेकरू. आजवर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल मालक संस्थाच भरायची. आता नोटीस लागली आहे: सामाईक मीटरवरचा इंधन समायोजन आकार वाढलाय, तो प्रत्येक खोलीकडून समान वसूल होईल, तेही मागच्या महिन्यांपासून.

वीज कंपनीचा कोळसा महागला की हा आकार बिलात चढतो, वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसारच, हे मान्य. पण तो कंपनी आणि तिच्या ग्राहकातला मामला ना? मीटर मालक संस्थेच्या नावावर आहे.

भाडे नियंत्रण कायदा, १९९९ दाखवावा म्हटलं, तर कलम ३ प्रमाणे सरकारी आणि स्थानिक प्राधिकरणाच्या जागा त्यातून वगळलेल्या. म्हणजे खासगी चाळीतल्या भाडेकरूला जे संरक्षण आहे, तेही आम्हाला नाही! मग उरतो तो भाडेकरार. आमच्या करारात 'सेवाशुल्क' एवढाच मोघम शब्द आहे.

कुणाच्या इमारतीत असं झालंय का? मागील थकबाकी लावण्यावर हरकत घेतली असेल तर कोणत्या मुद्द्यावर? सामाईक मीटरच्या बिलांच्या प्रती माहिती अधिकारात मागणार आहे, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. त्यात आणखी काय मागावं? तळमजल्यावरच्या आजी विचारतात, लिफ्टचे पैसे मी का देऊ? त्यांना काय सांगू तेही सुचवा.