सोलरचं बटण आईला कळत नसेल तर चूक कुणाची?

कांदाटीकर
आमचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडं, तापोळ्याहून लाँचनं जावं लागतं. पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की चार-चार दिवस लाईट येत नाही, म्हणून आईबाबांसाठी सोलर बसवलं. एक पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी, कंट्रोलर (पॅनल, बॅटरी आणि बल्ब ज्याला जोडतात, तो चार्जिंग सांभाळणारा डबा) आणि चार डीसी बल्ब, एवढंच.

गेल्या आषाढात आईनं सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, चढून फोन केला, "दिवसा बल्ब लागतच नाहीत रे, रात्री आपोआप लागतात." आषाढात आमच्या माजघरात भर दुपारी हात दिसत नाही. साताऱ्याहून मिस्त्री गेला, गाडीचे आणि लाँचचे धरून दीड हजार घेतले आणि एक बटण पाच सेकंद दाबून मिनिटात काम केलं. बटण चुकून जास्त वेळ दाबलं गेलं होतं आणि कंट्रोलर 'अंधार पडल्यावरच लोड (म्हणजे आमचे बल्ब) चालू' या मोडमध्ये गेला होता. पडद्यावर फक्त 'शून्य एच' दिसत होतं. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

जे बटण बल्ब लावतं तेच जास्त दाबलं तर सेटिंग बदलतं, हे मला मुळातच चुकीचं वाटतं. रोजचं बटण वेगळं हवं आणि सेटिंग झाकणाखाली हवी. पुस्तकाचं पहिलं पान मराठीत असावं आणि ते 'बल्ब लागत नसेल तर काय बघायचं' इथून सुरू व्हावं. आकृत्या आणि आकडे नंतर.

विट्याचा वायरमन
दादा, आईंचे हाल झाले ते वाईटच. पण यात कंट्रोलरचा दोष नाही, बसवणाऱ्याचा आहे. निघताना त्यानं घरच्यांकडून बटण दोनदा दाबवून घ्यायला पाहिजे होतं.

हाच डबा रस्त्याच्या दिव्यालाही लागतो, तिथं अंधार पडल्यावर चालू होणारा मोडच हवा असतो. हाच डबा पाणी भरायच्या ट्यूबलर बॅटरीला लागतो, पाणी न लागणाऱ्या जेलच्या बॅटरीला लागतो, काही मॉडेल लिथियमलाही चालतात. पाण्याच्या बॅटरीला १४.४ व्होल्टच्या आसपास चार्जिंग आणि अधूनमधून त्याहून वर नेऊन सगळे कप्पे सारखे भरायला समान चार्ज द्यावा लागतो. तोच जास्तीचा चार्ज जेलला दिला तर ती आतून सुकते, आणि लिथियमला तो कधीच द्यायचा नसतो. माझ्या एका गिऱ्हाइकानं जुनी ट्यूबलर काढून दुकानातून जेलची आणली आणि स्वतःच जोडली. सेटिंग तशीच राहिली, वर्षाच्या आत बॅटरी फुगली. सेटिंग झाकणाखाली गेली तर असे प्रकार वाढतील, कारण ती आहे हेच कुणाला कळणार नाही.

आणि पुस्तकाचं म्हणाल तर मी दुरुस्तीला जातो तेव्हा ते कुणाच्याच घरात सापडत नाही. मराठीत छापलं म्हणून सापडेल का?

कांदाटीकर
तुमच्या गिऱ्हाइकाचंच उदाहरण घेऊ. या स्वस्त कंट्रोलरवर बॅटरीच्या प्रकारासाठी काय दिसतं? बी१, बी२, बी३. बी१ म्हणजे सीलबंद, बी२ जेल, बी३ पाण्याची, हे पुस्तक न वाचणाऱ्याला कसं कळावं? त्याच्या डोळ्यासमोर सेटिंग होती, तरी बॅटरी फुगलीच. म्हणजे उघड्यावर ठेवून उपयोग झाला नाही. डब्यावरच तीन ओळी छापल्या असत्या तर बॅटरी वाचली असती.

अजिंक्यतारा
पुस्तकं आता कोण छापतं? ब्लूटूथचं ॲप द्या, मराठी भाषा निवडा, कोड स्कॅन करून व्हिडिओ बघा. प्रश्न मिटला.

कांदाटीकर
रेंजसाठी माझ्या आईला सडा चढावा लागतो. फोन बटणाचा आहे.

जत पूर्व
मी १० टक्के हिस्सा भरून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतनं ५ एचपीचा पंप घेतला. एप्रिलात पंप बंद पडायचा, थोड्या वेळानं आपला आपण सुरू व्हायचा. डिस्प्लेवर इंग्रजी कायतरी यायचं. मी दोन दिवस पंप बिघडला म्हणून बसलो. शेवटी नातवानं वाचलं, 'ड्राय रन'. विहिरीनं तळ गाठला होता, पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून कंट्रोलरच त्याला थांबवत होता. यंत्र बरोबर होतं, मला कळलं नाही.

पण मराठी पुस्तकाला माझा विरोध आहे, कारण ते कसलं मराठी असतं ते मी बघितलंय. 'भार विच्छेदन विद्युतदाब' असलं छापणार असाल तर त्यापेक्षा इंग्रजी परवडलं. आमच्याकडं लोड, चार्ज, फ्यूज हेच मराठी आहे. 'पाणी संपलंय, पंप थांबवलाय' एवढं लिहा.

तासगावची बाग
आम्ही द्राक्षवाले, औषधाच्या बाटल्या रोज हातात असतात. कीटकनाशकासोबतचं पत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं, १९७१ च्या नियमांपासून. मग ॲसिडची बॅटरी आणि पॅनलचा डीसी करंट घरात आणणाऱ्या डब्याला ती सक्ती का नको? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ८४ आहे. इजा टाळण्यासाठी वस्तू कशी वापरायची याच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत आणि वस्तूमुळं नुकसान झालं, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. ज्याला वाचताच येत नाही त्या भाषेतली सूचना पुरेशी कशी म्हणायची?

विट्याचा वायरमन
ताई, खरं सांगा, ते पत्रक तुम्ही वाचता का? माझीही थोडी बाग आहे. मी पत्रक उलगडत नाही, बाटलीवरचा त्रिकोण बघतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मजुरालाही तो कळतो.

तासगावची बाग
पत्रक दर वेळी नाही वाचत, हे खरं आहे. पण नवीन औषध आणलं की प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते त्यातच बघते. त्रिकोण आहे म्हणून पत्रक नको, असं नाही.

कांदाटीकर
मला दोन्ही हवंय, पण आधी डब्यावरचं. वायरमन दादा, तुम्ही रोज हे काम करता. कंट्रोलरच्या तोंडावर चारच ओळींची जागा असेल तर काय लिहाल?

विट्याचा वायरमन
पहिली ओळ: जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना आधी पॅनल. बॅटरीवरून १२ की २४ व्होल्ट हे ओळखणारे कंट्रोलर बरेच आहेत, आधी पॅनल जोडलं की फसतात, कधी जळतात. दुसरी: बी१, बी२, बी३ चा अर्थ. तिसरी: बॅटरी उतरली की लोड बंद होईल, ऊन लागू द्या, बिघाड नाही. चौथी: बटण थोडं दाबा, बल्ब लागेल, धरून ठेवू नका.

पण सेटिंग झाकणाखाली घालायला माझा अजूनही विरोध आहे.

कांदाटीकर
चौथी ओळ लिहावी लागते, तिथंच माझं म्हणणं आहे. बटण वेगळं असतं तर ती जागा फ्यूजच्या ओळीला मिळाली असती. तोपर्यंत या चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहून लाँचनं घरी पाठवतो.