फलकावर कोणती संख्या असावी : १११११११११ की ४२९४९६७२९७?

रावपुरेकर : वडोदऱ्यात दांडिया बाजारात मराठी मुलांसाठी रविवारी भरणाऱ्या गणिताच्या वर्गात एका मोठ्या संख्येचा फलक लावायचा आहे, आणि बहुतेक पालकांनी १११११११११ ही संख्या सुचवली आहे, कारण १२३४५६७९ ला ९ ने गुणले की ती मिळते. माझा याला विरोध आहे. हे वैशिष्ट्य संख्येचे नसून दशमान लेखनाचे आहे. फलकावर ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, ही संख्या असावी. याच घडणीच्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक १ अशा, ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मूळ असल्याने पुढच्याही तशाच असतील असे फर्मा या गणितज्ञाला वाटत होते; १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने हिचे ६४१ आणि ६७००४१७ असे अवयव पाडले. संख्या कशीही लिहा, अवयव बदलत नाहीत.

मांजलपूरची शिक्षिका : आपला आक्षेप मला पटत नाही. अष्टमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी आठ हा पाया धरून संख्या लिहिताना, १२३४५७ ला ७ ने गुणून पाहावे. सात सत्ते एकोणपन्नास, म्हणजे सहा आठ आणि वर एक. एक लिहून सहा हातचे घेतले की पाच सत्ते पस्तीस अधिक सहा एक्केचाळीस, म्हणजे पाच आठ आणि पुन्हा एक. असे शेवटपर्यंत गेल्यावर सातही स्थानी एकच येतो. दशमानात ८ गळतो, अष्टमानात ६ गळतो, म्हणजे हा दहाचा योगायोग नसून प्रत्येक पायाला लागू होणारा नियम आहे. शिवाय १११११११११ चे ३ × ३ × ३७ × ३३३६६७ हे मूळ अवयवही कायमचेच आहेत. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ चा शोध (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की शेवटी हीच संख्या येते) अंकांची मांडणी न्याहाळूनच लावला होता, आणि त्याला कोणी कमी प्रतीचे गणित म्हणत नाही.

रावपुरेकर : नियम खरा आहे, परंतु तो पायाविषयी आहे. आपण अष्टमानात मिळवलेली सात एकांची संख्या दशमानात २९९५९३ अशी दिसते, आणि तिथे एकांची ती रांग उरत नाही. उलट ६४१ चे नाते पाहा : ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात, या दोन गोष्टी एकत्र आणल्या की भागाकार न करताही ६४१ ने त्या संख्येला निःशेष भाग जातो हे सिद्ध होते.

सहावीतल्या मुलीचा पालक : करून पाहण्याजोगे काम दोन्हीकडे आहे. ऑयलरच्या कसोटीनुसार ६४ ने भागल्यावर बाकी १ उरते असेच मूळ विभाजक तपासावे लागतात, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाच भागाकार मुले आनंदाने करतील.

मांजलपूरची शिक्षिका : भागाकार करतील, यात शंका नाही, पण इतर विभाजक का वगळले हे सहावीच्या मुलाला त्या वयात समजावता येत नाही, आणि ते त्याने आपल्या शब्दावर मानावे हे मला वर्गात नको आहे. हातच्यांचा हिशेब तो स्वतः शेवटपर्यंत नेऊ शकतो, म्हणून माझे मत १११११११११ लाच राहील.