होमस्कूलिंग आणि फुकटचं साहित्य: तुमचे अनुभव लिहा

लेकीला घरीच शिकवायला लागून तिसरं वर्ष. पहिल्या महिन्यात मी हावरटासारखी दिसेल ती पीडीएफ उतरवून घेतली. ‘अभ्यास’ नावाचा फोल्डर फुगला आणि लेकीने त्यातल्या उघडल्या दोन फायली. त्यातलं एक ऑक्टोपसचं चित्र होतं, रंगवायला. तेव्हा कृपा करून याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. तुमच्याकडे काय टिकलं आणि काय बासनात गेलं, ते सांगा.

*

वर्कशीट फुकट, शाई नाही! आमचा प्रिंटर पंधरा दिवसांत कोरडा पडला. आता एकेक नमुना छापून पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात सरकवते. वर व्हाइटबोर्डच्या पेनाने लिहायचं, जुन्या मोज्याने पुसायचं. ‘भागाकार’ लिहिलेलं पाकीट सात महिने चाललंय. मोजा हातात घालून पुसायला मिळतं म्हणून धाकटा आणखी दोन गणितं करतो.

*

मी बाबा, विज्ञान माझ्याकडे. फेट (पीएचईटी) ही कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. बरीचशी मराठीतही आहेत. मी ओहमचा नियम समजावायच्या तयारीत होतो. चिरंजीवांनी बॅटरीची दोन टोकं एका वायरने थेट जोडली आणि पडद्यावर आग लागली. मग तासभर फक्त आगच लावली. मी गप्प बसलो, ते बरं झालं. शेवटी त्यानेच विचारलं, “मध्ये बल्ब ठेवला की का नाही पेटत?” रोधाचा धडा तिथून सुरू झाला.

*

थोडक्यात: ‘मोफत चाचणी’ म्हणजे मोफत नव्हे. एका अ‍ॅपला कार्डाचा नंबर दिला, रद्द करायची तारीख विसरले, वर्षाचे पैसे गेले. आता कार्ड मागितलं की खिडकी बंद.

*

मी आजी. नातवाचं वाचन माझ्याकडे. स्टोरीवीव्हरवर चित्रकथा आहेत, पहिल्या ते चौथ्या पातळीपर्यंत, मराठीतही भरपूर. खुल्या परवान्याच्या असल्याने श्रेय देऊन छापता येतात, बदलताही येतात. हे बदलण्याचं कळल्यावर नातवाला ऊतच आला. गोष्टीतल्या मांजराला पंख फुटले, शेवट तीनदा फिरला. पण त्या नादात ‘आणि’मधला णि पहिला की दुसरा, हे तो आपणहून विचारायला लागला. वर्षभर मी कानीकपाळी ओरडत होते ते वेगळंच.

*

आमच्याकडे नेट येऊन-जाऊन. किविक्स या नेटशिवाय वाचायच्या अ‍ॅपने विकिपीडिया उतरवून ठेवलाय, मराठीसुद्धा. चित्रांशिवायची प्रत घेतली तर जागा पुष्कळ वाचते, पण लहान मुलांना चित्रं हवीतच, तेव्हा तिथे काटकसर करू नका. सोबत जीकॉम्प्री हा शिकवणाऱ्या खेळांचा संच, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. नेट नसल्याचा फायदा म्हणजे मुलं भरकटून व्हिडिओंकडे जात नाहीत.

*

लिब्रिव्हॉक्सबद्दल कुणी लिहिलं नाही? कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात, २००५ पासून. वाचणारे हौशी, त्यामुळे आवाज कसा निघेल याचा नेम नाही. आधी पाच मिनिटं स्वतः ऐका. आमची मुलगी कपड्यांच्या घड्या घालताना ऐकते. इंग्रजी कान त्यानेच तयार झाला, वर घड्याही होतात.

*

शेवटी स्टेलॅरियम, संगणकावरचं तारांगण. तारीख आणि जागा टाकली की त्या वेळचं आकाश समोर. आठवडाभर ग्रहांची नावं घोकून घेत होतो, मुलगा जांभया देत होता. एकदा त्याने स्वतःची जन्मतारीख आणि वेळ टाकली. चंद्र कुठेच दिसेना. मी जमीन लपवायचं बटण दाबलं, तर तो क्षितिजाखाली. “म्हणजे मी आलो तेव्हा तो पोचलाच नव्हता?” असं म्हणून तो घड्याळ एकेक मिनिट पुढे ढकलत बसला, चंद्र उगवेपर्यंत.