मदत हवी आहे : ईशापूरची जुनी २ए१ रायफल घेताना काय बघावं?

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये राहतो. जुन्या लष्करी रायफली जमवणारं इथे कोणी असेल तर सल्ला हवाय.

बंगालमधल्या ईशापूर कारखान्यात १९६० च्या दशकात बनलेली २ए१ घ्यायची आहे. दिसायला थेट आपल्या पोलिसांच्या खांद्यावरची .३०३ (ली-एनफिल्ड), पण हिची गोळी ७.६२ नाटोची, त्यासाठी पोलाद जास्त दणकट आणि मॅगझिन चौकोनी. लष्करी साठ्यातून अमेरिकेत आल्या तेव्हा या स्वस्तात मिळायच्या आणि 'एनफिल्डच घ्यायची तर ब्रिटिश घेऊ' म्हणून लोक पुढे जायचे. आता तीच माणसं हळहळतात. मोसिन-नागांत या रशियन रायफलींचंही तेच झालं. मला ही हवी आहे ती आपल्या देशात बनली म्हणून, भाव वाढेल म्हणून नाही.

एका दुकानात एक पाहिली. 'आरएफआय'चा (रायफल फॅक्टरी ईशापूर) शिक्का आणि १९६५ साल स्पष्ट, मागची साइट (नेम धरायची पट्टी) ८०० मीटरपर्यंत, लाकडातून आडवा गेलेला स्क्रूही जागेवर. बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) नंबर मात्र बॉडीशी जुळत नाही. दुकानदार म्हणतो, काही बिघडत नाही. मला ते पटत नाही. बोल्ट बदललेला असेल तर हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) चुकलेली असू शकते.

गेजने हेडस्पेस ठीक निघाली तर न जुळणारा नंबर चालवून घ्यावा का? त्यापायी किंमत किती उतरवून मागावी? आणि बाजारातली .३०८ काडतुसं (७.६२ नाटोचा नागरी जुळा भाऊ) हिच्यात कोणी वापरतं का, की फक्त ७.६२च? ही रायफल ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया लिहा. दुकानदाराने शनिवारपर्यंत ती बाजूला ठेवली आहे.