रि: रि: रि: शनिवारची सहल – २४६ पायऱ्यांचं काय करायचं?

मंडळी,
बस दहाला निघेल, त्यात बदल नाही. अडचण एकच. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगजवळच्या वॉलेस मॉन्युमेंटच्या मनोऱ्यात लिफ्ट नाही. २४६ पायऱ्या, गोल फिरत जाणारा अरुंद दगडी जिना. यादीत सत्तरीपुढचे नऊ जण आहेत. कोण चढणार, कोण खाली थांबणार, आज रात्रीपर्यंत कळवा. बाबागाडी जिन्यात चालणार नाही.
– वहिनी, सहल समिती

---

वहिनी,
पत्रकात "वॉलेसचा किल्ला" छापलंय. किल्ला समोरचा, स्टर्लिंगचा. हा इंग्रजांशी लढलेल्या स्कॉटिश वीर वॉलेसच्या स्मारकाचा मनोरा, १८६९ साली उघडला. स्टर्लिंग पुलाची लढाई ११ सप्टेंबर १२९७ची, तेव्हा ॲबी क्रेग, म्हणजे मनोऱ्याची ही जागा, नुसती टेकडी होती. लाकडी पूल इतका अरुंद की घोडेस्वार दोघे-दोघेच येणार. वॉलेसच्या लोकांनी थोडं इंग्रज सैन्य अलीकडे येऊ दिलं आणि तुटून पडले. आपली पावनखिंडच. पत्रक दाखवलं असतं तर तपासून दिलं असतं, पूर्वी दाखवायचे.
मी चढणार. गुडघा नवा आहे.
– तात्या

---

तात्या, पावनखिंडीत शत्रूला अडवून धरायचं होतं, इथे पुलावरून येऊ देऊन गाठायचं होतं. दोन्ही एक कसं? आणि मनोऱ्यातल्या वॉलेसच्या तलवारीबद्दल बसमध्ये भाषण नको. पाच फुटांहून लांब आहे, काचेत आहे, बघू आम्ही. मागच्या वेळी तुमचं संपेपर्यंत चहा गार झाला होता.
– मावशी

---

चहा गार झाला तो थर्मासच्या झाकणामुळे. झाकण कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे.
– तात्या

---

झाकणाचं नंतर. हा मनोरा लोकवर्गणीतून उभा राहिला, गॅरिबाल्डीनेसुद्धा इटलीतून पैसे पाठवले होते. आपल्या अकरा जणांचे इथल्या इथे बसूनही आलेले नाहीत. बसवाल्याला गुरुवारी द्यायचेत.
– खजिनदार

---

पैसे आत्ताच पाठवले. पायथ्यापासून मनोऱ्याच्या दारापर्यंत त्यांची मिनीबस असते, म्हणजे टेकडी कोणालाच चढायची नाही, फक्त जिना. आणि वाटेत तीन दालनं आहेत, दम खाता येतो. आई पहिल्या दालनापर्यंत येईन म्हणते, पुढे जाणार नाही. तिला "चढणार"मध्ये धरायचं की "थांबणार"मध्ये?

---

अर्धी धरा.
– खजिनदार

---

मला अर्धी माणसं यादीत लिहिता येत नाहीत. नऊपैकी अजून सहा जणांचं उत्तर नाही.
– वहिनी

---

तात्या, गुडघा कुठे केलात? ह्यांचा उजवा फार त्रास देतोय. फोन करते संध्याकाळी.
– मावशी